शंभर लिटरमागे किती युनिट?

विश्रांतवाडीच्या चौकातून धानोरीकडे किंवा टिंगरेनगरकडे पाहिले की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. इमारतींचे मजले वाढले, गच्च्या तेवढ्याच राहिल्या. चार मजली इमारतीच्या गच्चीवर सगळ्या फ्लॅटांना पुरेल एवढे पाणी तापवणारे सोलर सहज मावत असे. रोजच्या १०० लिटर गरम पाण्याला साधारण २ चौरस मीटर पॅनेल लागते. ८० फ्लॅटांच्या इमारतीत दर फ्लॅटमागे १२५ लिटर धरले तर १०,००० लिटर पाणी आणि २०० चौरस मीटर पॅनेल झाले. दोन रांगांमधली मोकळी जागा, पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि वीज तयार करणारे सौर पॅनेल हे सगळे त्यात धरलेलेच नाही. गच्ची पुरत नाही, म्हणून पुण्याच्या नव्या, उंच इमारतींत सोलरच्या जोडीला किंवा सोलरऐवजी हीट पंप येऊ लागले आहेत. मोठ्या एसीच्या बाहेरच्या युनिटसारखी दिसणारी, थंड वारा फेकणारी ही पेटी अनेक रहिवाशांनी अजून पाहिलेलीही नसते. सकाळी नळाला गरम पाणी येते, एवढीच तिची ओळख.

यंत्र उत्तम आहे, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. फ्रिजच्या मागची जाळी हाताला गरम लागते, तेच तत्त्व इथे उलट्या हेतूने वापरलेले असते. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंखा फिरवायला. गिझरच्या कॉइलमध्ये एक युनिट वीज घातली तर एकच युनिट उष्णता मिळते, त्याहून जास्त मिळूच शकत नाही. हीट पंपाला एक युनिट दिले तर तीन, कधी चार युनिट उष्णता पाण्यात उतरते. या पटीला सगळे ‘सीओपी’ म्हणतात. कल्पनाही जुनी आहे. लॉर्ड केल्विनने ती १८५२ मध्ये मांडली होती आणि झुरिकच्या नगरभवनात १९३८ मध्ये नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसला होता.

मग अडते कुठे? अडते ते बिघाडाच्या स्वभावात. गिझर बिघडला तर थंड पाणी येते आणि पाच मिनिटांत घरभर कळते. हीट पंप बिघडला तरी बहुतेक वेळा पाणी गरमच येते. कारण टाकीत बॅकअप म्हणून साधी कॉइल बसवलेली असते आणि हीट पंपाने मान टाकली की कंट्रोलर ती कॉइल आपोआप सुरू करतो. डिसेंबरातल्या एखाद्या रात्री कॉम्प्रेसर हाय प्रेशरवर ट्रिप होतो. पहाटेपर्यंत कॉइल टाकी तापवते. सहाला सगळ्यांच्या आंघोळी नेहमीसारख्या होतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पाणी कोमट येतंय’ असा एकही मेसेज पडत नाही. त्या दिवसापासून गरम पाण्याला तिप्पट वीज लागू लागलेली असते आणि ते कुणालाच माहीत नसते.

कळते ते बिलातून, महिना-दीड महिन्याने.

तेही धड कळत नाही. कॉमन मीटरवर लिफ्ट असते, पाण्याचे पंप असतात, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे असतात, मोठ्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी असतो. बिल वाढले की खजिनदार विचारतात आणि उत्तरे तयार असतात. टँकर जास्त आले म्हणून पंप जास्त चालले, दिवाळीची रोषणाई होती, लिफ्टमध्ये शिफ्टिंगचे सामान गेले. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत आणि पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर दुपटीच्या घरात जातो. मोठ्या सोसायटीचे कॉमन मीटर ५०० चा टप्पा महिन्याच्या सुरुवातीलाच ओलांडते. म्हणजे हीट पंपाने वाया घालवलेले जवळपास प्रत्येक युनिट सर्वांत महाग दराचे असते आणि ते मेंटेनन्सच्या नावाखाली सगळ्यांकडून सारखे वसूल होते.

पूर्वी वाड्यातल्या न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटत असे. त्यात किती लाकडे, किती शेण्या गेल्या हे पेटवणारीला रोज दिसत असे. पाणी तापायला नेहमीपेक्षा जास्त जळण लागले तर बंबाच्या नळीत काजळी साचली असणार, हे तिला कुणी शिकवावे लागत नव्हते. जळण डोळ्यांसमोर होते, म्हणून बिघाडही डोळ्यांसमोर होता. गच्चीवरच्या पेटीने जळण नजरेआड केले आहे. ते पुन्हा नजरेसमोर आणणे हीच हीट पंपाची खरी देखभाल आहे. ती होत नसेल तर वर्षाला हजारो रुपयांचे देखभालीचे कंत्राट (एएमसी) करूनही फारसे काही हाती लागत नाही.

हे काम अवघड नाही. त्यासाठी ८६० हा एकच आकडा लक्षात ठेवायचा. एक युनिट उष्णतेने ८६० लिटर पाणी एक अंशाने तापते. हीट पंपासाठी वेगळा सबमीटर बसवायचा, कॉइलही त्याच सबमीटरवर घ्यायची. गरम टाकीत ज्या पाइपने थंड पाणी शिरते त्या पाइपवर साधे पाण्याचे मीटर बसवायचे. जेवढे थंड पाणी आत गेले तेवढेच गरम पाणी लोकांनी वापरलेले असते, म्हणून गरम पाण्याचे महागडे मीटर लागत नाही. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचे तापमान दाखवणारे दोन थर्मामीटर लावायचे. हा सगळा खर्च हीट पंपाच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

आता रजिस्टरचे एक पान डोळ्यांपुढे आणू. समजा काल ५,००० लिटर गरम पाणी गेले. थंड पाणी २२ अंशांचे, गरम ५२ चे. फरक ३० अंश. ५,००० गुणिले ३० भागिले ८६०, म्हणजे सुमारे १७४ युनिट उष्णता. सबमीटरवर ६२ युनिट पडली असतील तर भागाकार २.८ येतो आणि यंत्रणा निरोगी आहे. ७५ पडली तर कुठेतरी लक्ष घालायला हवे. १२० पडली तर कॉइल चोरून चालते आहे. १७० पडली तर सोसायटीने लाखो रुपये देऊन घेतलेला हीट पंप बंद आहे आणि सगळी इमारत एका मोठ्या गिझरवर आंघोळ करते आहे.

हा हिशेब आणखी सोपा करता येतो. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला उष्णता साडेतीन युनिटांच्या आसपास लागते. हीट पंप बरा चालत असेल तर वीज सव्वा ते दीड युनिट लागेल. म्हणून नोटीस बोर्डावर एकच आकडा लिहावा: शंभर लिटरमागे किती युनिट? दीडच्या आत असेल तर काही करायचे नाही. दोनच्या वर गेला तर मेकॅनिकला बोलवायचे. तीनच्या वर गेला तर त्याच दिवशी बोलवायचे. हा आकडा समजायला इंजिनिअर असावे लागत नाही. वॉचमनकाका रोज सकाळी सातला दोन मीटर वाचून लिहू शकतात आणि आठवीतली कुठलीही मुलगी भागाकार करू शकते.

ज्यांच्या बंगल्यावर किंवा रो-हाउसवर दोन-तीनशे लिटरचा घरगुती हीट पंप आहे, त्यांना मीटरवरचा लाल दिवाच पुरतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो ते छापलेले असते. अनेक घरगुती मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. घरातले बाकी सगळे बंद करून फक्त हीट पंप चालू ठेवायचा आणि घड्याळ लावून एक मिनिट दिवा मोजायचा. लुकलुक गुणिले ६० भागिले ३२०० म्हणजे किती किलोवॅटचा भार चालू आहे ते. घरगुती हीट पंपाचा कॉम्प्रेसर साधारण एक किलोवॅटच्या आसपास खातो, म्हणजे मिनिटाला पन्नासएक वेळा दिवा लागेल. हा आकडा शंभराच्या वर गेला तर दोन किलोवॅटची कॉइल चालू आहे, मग डिस्प्लेवर काहीही लिहिलेले असो. थ्री-फेज मीटरांवर छापलेला आकडा वेगळा असतो, तो वाचून हिशेब करावा.

आकडा वाढला हे कळल्यावर दोष शोधायचा. इथे विश्रांतवाडी, धानोरी, कळस या पट्ट्याची एक खास अडचण सांगायलाच हवी. भामा आसखेड धरणाचे पाणी १ जानेवारी २०२१ पासून पूर्व पुण्याला मिळू लागले, तरी बोअर आणि टँकर अनेक सोसायट्यांच्या आयुष्यातून गेलेले नाहीत. काळ्या कातळातून येणारे बोअरचे पाणी जड असते. बादलीच्या कडेला आणि शॉवरच्या जाळीत दिसणारा पांढरा क्षार हीट पंपाच्या हीट एक्स्चेंजरमध्येही बसतो, आणि जिथे पाणी जास्त तापते तिथे जास्त बसतो. क्षाराचा थर उष्णता अडवतो. हीट पंपात फिरणाऱ्या गॅसची उष्णता पाण्यात उतरत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरवरचा दाब वाढतो, तो जास्त वीज ओढतो आणि शेवटी हाय प्रेशरवर ट्रिप होतो. मग कॉइल सुरू. डिस्प्लेवरचा ट्रिप-कोड रिसेट करून मेकॅनिक निघून जातो, कारण त्याला बोलावलेले असते ‘एरर येतोय’ म्हणून. एरर जातो, क्षार राहतो. पाणी बोअरचे असेल तर डिस्केलिंग किती महिन्यांनी करायचे हे कंत्राटात लिहून घ्यावे, आणि डिस्केलिंगच्या आधीचा व नंतरचा शंभर लिटरचा आकडा बिलासोबत मागावा. काम झाले की नाही, ते आकडाच सांगतो.

दुसरा दोष टायमरचा. पुण्यात महावितरणच्या दुरुस्तीची कामे गुरुवारी निघतात. हीट पंपाच्या कंट्रोल पॅनेलमधल्या टायमरची बॅटरी संपलेली असेल तर वीज जाते तेवढा वेळ त्याचे घड्याळ थांबते. दोन-चार गुरुवार गेले की दुपारी सुरू होणारा हीट पंप संध्याकाळी सुरू होऊ लागतो आणि पहाटे पुरे पडत नाही म्हणून कॉइल मदतीला येते. टायमरवरची वेळ हातातल्या घड्याळाशी जुळते का, हे पाहायला दहा सेकंद लागतात. हे पाहणे कुणाचे काम आहे ते मात्र ठरलेले नसते.

तिसरा दोष पाइपांचा, आणि सर्वांत जास्त वीज बहुधा इथेच जाते. वरच्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत नळ उघडताच गरम पाणी यावे म्हणून गरम पाणी पाइपांच्या वळशातून सतत फिरवत ठेवतात. त्याला एक छोटा रिटर्न पंप असतो. तो पंप स्वतः फार वीज खात नाही, पण तो फिरवत असलेले पाणी वाटेत थंड होत राहते. पंचावन्न अंशांचे पाणी वाहणारा एक इंची उघडा पाइप दर मीटरमागे तीसएक वॅट उष्णता हवेत सोडतो. दीडशे मीटरचा वळसा असेल आणि पंप चोवीस तास चालू असेल तर दिवसाला १०८ युनिट उष्णता गेली. आपल्या रजिस्टरच्या पानावर सगळ्या इमारतीच्या आंघोळीला १७४ लागली होती, हे आठवावे. सकाळी चार आणि संध्याकाळी दोन तासच पंप चालवला तर हीच गळती २७ वर येते. पाइपांवर काळ्या रबराचे इन्सुलेशन सुरुवातीला असते, पण गच्चीवरच्या उन्हात ते दोन-तीन वर्षांत तडकते, त्याचे तुकडे कोपऱ्यात पडलेले दिसतात आणि उघडा पाइप दुपारीही हाताला चटका देतो. वरून ॲल्युमिनियमचे आवरण घातले तर ते टिकते. गच्चीवर जाऊन पाइपाला हात लावणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

बाकीचे दोष थोडक्यात. पेटीच्या जाळीत कबुतरांची पिसे आणि धूळ अडकली की हवा कमी मिळते. पेटीला तिन्ही बाजूंनी भिंत घातली की ती स्वतःच सोडलेली थंड हवा पुन्हा ओढत राहते. खाली टपकणारे पाणी हा दोष नाही, हवेतला ओलावा पेटीतल्या थंड नळ्यांवर धरतो त्याचे ते पाणी. मात्र पुण्याच्या दुपारच्या तीस अंशांत त्या नळ्यांवर बर्फ दिसला तर गॅस कमी आहे किंवा हवा अडली आहे. आणि गॅसबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: तो बंद नळीत फिरतो, पेट्रोलसारखा संपत नाही. दरवर्षी गॅस भरून घेणारी सोसायटी गळतीला पैसे देत असते. गळती शोधा, मग गॅस भरा.

पुण्याच्या हवेने हीट पंपाला एक मोठे वरदान दिले आहे आणि ते बहुतेक ठिकाणी वाया जाते. हिवाळ्यात इथली पहाट दहा-बारा अंशांची असते आणि दुपार तीस अंशांच्या आसपास. शेजारच्या लोहगावचे किमान तापमान शिवाजीनगर-पाषाणपेक्षा बहुतेकदा काही अंशांनी जास्तच नोंदले जाते, तरी पहाट ती पहाटच. हीट पंपाला पाणी ५५ अंशांपर्यंत न्यायचे आहे. पहाटे बारा अंशांच्या हवेतून उष्णता ओढली तर चढ ४३ अंशांचा होतो, दुपारी तीस अंशांच्या हवेतून ओढली तर २५ अंशांचा. जेवढा चढ कमी तेवढी वीज कमी. तरीही बहुतेक यंत्रे पहाटे तीन-चारला सुरू होतात, कारण गिझरच्या काळापासून ‘आंघोळीच्या आधी तापवायचे’ अशी सवय आहे. टाकी पुरेशी मोठी आणि नीट इन्सुलेट केलेली असेल तर दुपारी तापवलेले पाणी सकाळपर्यंत दोन-तीन अंशांहून जास्त उतरत नाही. टाकी लहान असेल तर पहाटे थोडी भर घालावी लागेल, पण मुख्य काम दुपारीच व्हावे.

आता त्याला दराचीही जोड मिळाली आहे. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर दर युनिटला ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळू लागली. स्मार्ट मीटरला राज्यात मोठा विरोध झाला. २०२४ च्या जूनमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही असे जाहीर केले, आणि पुढे पोस्टपेड मीटर बसू लागले. त्या वादात ग्राहकांच्या शंका रास्त होत्या आणि त्यांची उत्तरे महावितरणने द्यायलाच हवीत. पण जिथे मीटर बसले आहे तिथे त्याच्या नोंदी वापरायच्या नाहीत, हे स्वतःचेच नुकसान आहे. पहाटे तीन ते पाच या वेळेतला खर्च नोंदींत उंच दिसत असेल तर चोर कोण, ते उघड आहे.

सोलर आणि हीट पंप एकाच टाकीवर असतील तर आणखी एक गोष्ट पाहावी. सेन्सरला एवढेच कळते की टाकी थंड आहे. आंघोळी उरकल्यावर साडेनऊला तो हीट पंप सुरू करतो आणि ऊन वर येईपर्यंत टाकी तापलेली असते. मग दिवसभरच्या उन्हाला टाकीत जागाच उरत नाही. फुकटचे ऊन सोडून विकतची वीज घेतली जाते. अशा ठिकाणी दुपारी तीननंतर सोलरने जेवढे कमी पडले तेवढेच हीट पंपाने भरावे, असा टायमर लावायला हवा. तापमान किती ठेवावे याचेही भान हवे. ६० ऐवजी ५० अंशांवर हीट पंप बराच हलका चालतो, पण साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढू शकतो, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी ६० च्या वर नेणे आवश्यक आहे.

‘हे सगळे आमच्या मेकॅनिकला माहीत असेल’ असे समजून गप्प बसणाऱ्यांनी ब्रिटनचा अनुभव पाहावा. तिथल्या सरकारने ७४२ घरांत हीट पंप बसवून त्यांवर मीटर लावले. हवेवर चालणाऱ्या पंपांची वर्षभराची मधली कामगिरी २.८ च्या आसपास निघाली, पण चांगल्या आणि वाईट घरांतला फरक फार मोठा होता. यंत्रे नामांकित, बसवणारे प्रशिक्षित, तरी हा फरक. मीटर नसते तर सगळ्यांनाच आपले यंत्र उत्तम चालले आहे असे वाटत राहिले असते. जर्मनीने २०२४ मध्ये लागू केलेल्या कायद्यात सहा किंवा अधिक घरांच्या इमारतीतल्या नव्या हीट पंपाची एक पूर्ण हिवाळा झाल्यावर, फार तर दोन वर्षांच्या आत, तज्ज्ञाकडून तपासणी सक्तीची केली. आपल्या बिल्डिंगांची नुसती घरसंख्या पाहिली तर विश्रांतवाडीतली जवळपास प्रत्येक सोसायटी त्या नियमात बसेल.

आणि हे ज्ञान आणायला परदेशात जावे लागत नाही. घरात मीटर बसवून कोणते उपकरण केव्हा किती वीज खाते याचा अभ्यास कोथरूडच्या प्रयास ऊर्जा गटाने महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या घरांत केला आहे. राज्याची ऊर्जा संवर्धनाची संस्था महाऊर्जा पुण्यातच आहे. आज तिचे कार्यालय औंध रस्त्यावर असले तरी अनेक वर्षे ते विश्रांतवाडीजवळ, येरवड्यात त्रिदलनगरसमोर होते. महाऊर्जेने गृहनिर्माण सोसायट्यांसाठी हीट पंप मोजणीचा एक साधा मराठी नमुना काढावा: कोणते मीटर, कुठे बसवायचे, कोणता आकडा ठीक. पुणे महापालिका सोलर, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत प्रकल्पांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. अशी सवलत चालू प्रकल्पासाठी असते, तर चालू असल्याचा पुरावा आकड्यांत मागायला हवा. गरम पाण्याची मध्यवर्ती यंत्रणा असलेल्या नव्या इमारतीला भोगवटापत्र देताना सबमीटर आणि पाण्याचे मीटर बसवले आहे का, एवढे पाहिले तरी पुढचे कितीतरी बिघाड वेळेत सापडतील.

बिल्डरकडूनही हे मागता येते. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा सेवासुविधांत दोष आढळला तर तो बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. कमी क्षमतेची टाकी, इन्सुलेशनविना ओढलेले पाइप, कॉइलच्या जिवावर चालणारा हीट पंप हे दोषच आहेत. पण ‘पाणी नीट येत नाही’ एवढ्या तोंडी तक्रारीवर कुणी हलत नाही. सहा महिन्यांचे रजिस्टर समोर ठेवले की बोलणे बदलते.

या सगळ्यात एक माणूस विसरला जातो. सकाळी सगळ्यांचे डबे भरून, मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडून नऊनंतर आंघोळीला जाणारी घरातली बाई. टाकी कमी पडली की कोमट पाणी तिच्याच वाट्याला येते आणि ती तक्रार करत नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये गरम पाण्यावर चर्चा होते तेव्हा आधी तिला विचारले पाहिजे, कारण यंत्रणा कुठे कमी पडते हे तिला रोज कळते.

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात. म्हणजे थंडी पडण्याआधी दोन महिने हाताशी राहतात. ज्यांच्या गच्चीवर हीट पंप आहे त्यांनी या सभेत एक ठराव जरूर मांडावा: हीट पंप आणि कॉइलसाठी सबमीटर, थंड पाण्याच्या पाइपवर मीटर, रोजची नोंद, आणि शंभर लिटरमागच्या युनिटांचा आकडा दर सोमवारी नोटीस बोर्डावर. देखभालीचे कंत्राट नवे करताना हाच आकडा त्यात अट म्हणून घालावा आणि तो दोनच्या वर गेला तर कंत्राटदाराने किती दिवसांत दुरुस्ती करायची तेही लिहून घ्यावे.